ओकवरची करडी दाढी

पेन-रिव,
९ फेब्रुवारी २०२२

प्रिय ग्वेनफ्रॉन,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की मला खोकला येतो, म्हणून पत्र लिहितोय. शेवटपर्यंत वाच. मध्येच सोडून देण्याची तुझी सवय मला माहीत आहे.

आपल्या हॉरेब चॅपेलच्या दफनभूमीच्या फाटकावर एक कागद लावला आहे. पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून, चांगला तारेने बांधून. शेजारच्या गार्थ शेतावरच्या हेफिनला कोंबड्यांची तिसरी शेड बांधायची आहे. आधीच्या दोन शेडचा वास काय कमी होता? आणि कुठे बांधणार, तर भिंतीपलीकडच्या शेतात. म्हणजे आजोबांच्या, म्हणजे तुझ्या वाट्याच्या शेतात! ते तू त्याला गवतापुरतं दिलं आहेस ना? मग हा कागद लावायची त्याची हिंमत कशी झाली? तू काही शब्द तर दिलेला नाहीस? नसशीलच. तरी एका ओळीत लिहून कळव, म्हणजे मला झोप लागेल.

दुसरी गोष्ट. परवा शेताच्या कुंपणातल्या ओकच्या झाडांना नाक लावून एक मुलगी उभी होती. डोळ्याला भिंग. मी विचारलं, “काय हरवलं का गं पोरी?”

“नाही आजोबा, आहे का ते बघतेय,” म्हणाली.

हेलेद तिचं नाव. सरकारी खात्याने पाठवलेली. तिने मला खोडावरचे करडे झुपके दाखवले, बोकडाच्या दाढीसारखे लोंबणारे. ते दगडफूल आहे म्हणे. मी जन्मभर त्याला झाडाचा रोग समजत होतो. मग शेजारचं पिवळंधमक दाखवलं. तेही दगडफूलच, पण वेगळं.

“करड्याला स्वच्छ हवा लागते,” ती म्हणाली. “पिवळं कोंबडीखतातून येणाऱ्या अमोनियावर पोसतं. हवेत अमोनिया वाढला की करडं मरतं आणि पिवळं माजतं.”

“म्हणजे आमची हवा घाण आहे म्हणतेस?”

“मी नाही म्हणत. झाड म्हणतंय.”

मला राग आला. अठ्ठ्याहत्तर वर्षं ही हवा मी घेतोय आणि ही काल जन्मलेली मला सांगणार! पण मग मी मॉरव्हिदच्या थडग्याजवळ गेलो. तिचा दगड सगळा पिवळा झाला आहे. मला वाटायचं, छान दिसतंय, बायकोच्या दगडाला आपोआप सोनेरी मुलामा चढला. आता कळतंय की हेफिनच्या कोंबड्यांचा मळ तिच्या नावावर बसला आहे.

हेलेद म्हणते, ती करडी दाढी आहे म्हणून तर दफनभूमीमागच्या जंगलाला कायद्याचं संरक्षण आहे. याच कुंपणातल्या ओकची नोंद तीस वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवली होती. ती एप्रिलमध्ये येऊन नीट मोजणी करणार आणि जुन्या नोंदीशी ताडून बघणार. तिच्या अहवालावर शेडला परवानगी मिळायची की नाही ते ठरणार.

शेताचं तेवढं कळव.

तुझा चुलतभाऊ,
इथेल

बर्कनहेड,
२० फेब्रुवारी

प्रिय इथेल,

पत्र मिळालं. खोकल्याला मध आणि गरम पाणी घे, आणि डॉक्टरकडे जा. दर हिवाळ्यात मरायला टेकल्यासारखं लिहितोस आणि वसंतात टुणटुणीत असतोस.

तू थडग्यांचा विषय काढलास ते बरं झालं. मागच्या वर्षी चॅपेलच्या पत्रकात फोटो आला होता, त्यात आईबाबांचा दगड बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिवळी खपली, हिरवं शेवाळ, नाव वाचता येईना. लोक काय म्हणत असतील? मुलगी शहरात जाऊन बसली आणि विसरली. फुलांचा रविवार दहा एप्रिलला आहे. त्या दिवशी सगळं खोरं आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहायला येणार आणि आपले दगड असे! मी काही येऊ शकत नाही. दोन जिने उतरायचे म्हटलं की माझे गुडघे रडतात. तू आहेस तिथे. धुण्याचा सोडा घाल, ताठ ब्रश घे आणि चांगलं खसाखसा घास. तुझ्या मॉरव्हिदचा दगडही घास, नुसता बघत आणि रडत बसू नकोस.

आणि कुंपणातली ती ओकची झाडंही घासून काढ. पाऊस पडला की त्यांच्यावरचा सगळा कचरा थडग्यांवर ठिबकतो. दगड धुऊन झाडं तशीच ठेवलीस तर जूनपर्यंत पुन्हा तेच.

हेफिनशी भांडू नकोस. तुझा कोळसा कोण आणून टाकतं? दफनभूमीचं गवत फुकट कोण कापतं? शेताचं मी बघते.

ग्वेनफ्रॉन

पेन-रिव,
२८ मार्च

प्रिय ग्वेनफ्रॉन,

“शेताचं मी बघते” म्हणजे काय? मी एक ओळ मागितली होती, होय किंवा नाही. तू चार ओळी सोड्यावर लिहिल्यास.

असो. काम झालं. पाठीचे तुकडे झाले, पण झालं. तुझ्या आईबाबांचा दगड इतका स्वच्छ निघाला आहे की नावाखालचं वचनसुद्धा फाटकातून वाचता येतं. मॉरव्हिदचाही. चॅपेलच्या बायका बघायला आल्या. म्हणाल्या, “इथेल पेन-रिव, आमच्याही नवऱ्यांना असे हात दे बाबा!” मी म्हटलं, “तुमचे नवरे गेले, आता हात घेऊन काय करतील?” खूप हसल्या.

मग मी झाडांकडे वळलो. आता हे नीट ऐक, कारण यात मी नुसतं तुझं ऐकलेलं नाही, स्वतःचं डोकंही चालवलं आहे. करडी दाढी आहे म्हणून जंगलाला संरक्षण आहे, हे त्या मुलीने मला सांगितलं होतं. पिवळं तिला मारतं, हेही. मग मी विचार केला, पिवळं खरवडून काढलं तर बिचाऱ्या करड्याला जागा मिळेल. बागेतलं तण काढतो तसं. तारेचा ब्रश घेतला, शिडी लावली आणि हात पोचेल तिथपर्यंत पाचही ओक साफ केले. पिवळ्याबरोबर काही करडंही निघालं. ते काय, परत येईल. खोडं आता अशी दिसतात, जशी आंघोळ घातलेली मुलं.

हेफिन ट्रॅक्टरवरून जाताना थांबला. मला वर चढलेलं बघून म्हणाला, “इथेलकाका, पडाल! शिडी धरू का?” मी म्हटलं, “तुझी मदत नको.” तो बराच वेळ बघत राहिला. मग हसला आणि गेला. त्याचं हसणं मला आवडलं नाही. त्याची बायको आता केव्हाही बाळंत होईल. माणसाने अशा वेळी देवाला भ्यावं की कोंबड्यांच्या मागे लागावं?

शेताचं कळव.

इथेल

बर्कनहेड,
३ एप्रिल

इथेल,

दगडांबद्दल फार फार आभार. आईला किती बरं वाटलं असतं. रविवारी माझ्या नावाने डॅफोडिल वाहा, पण दुकानातले नकोत, तुझ्या दारातले.

बाकी सविस्तर नंतर लिहीन. डोळे दुखतात.

ग्वेनफ्रॉन

पेन-रिव,
१२ एप्रिल

ग्वेनफ्रॉन,

“प्रिय” लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

शुक्रवारी हेलेद आली. मी मोठ्या अभिमानाने तिला झाडांपाशी घेऊन गेलो. ती एका ओकपासून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. मग भिंतीवर बसली.

“आजोबा, हे काय झालं?”

“साफ केलं. पिवळं काढून टाकलं.”

“पिवळंच तर मला मोजायचं होतं,” ती म्हणाली. “पिवळं किती वाढलं आणि करडं किती उरलं, यावरून हवा बिघडली आहे हे सिद्ध होणार होतं. हवा आधीच बिघडलेली असेल तर आणखी एक शेड बांधता येत नाही. आता या खोडांवर काहीच नाही. मी काय लिहू? काही आढळलं नाही, एवढंच लिहिता येईल. ते वाचून तिकडे म्हणतील, ठीक आहे, नुकसान दिसत नाही.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने डब्यातली मनुकांच्या पावाची फोड काढून निम्मी मला दिली. मी ती तशीच खिशात ठेवली.

रविवारी सगळं खोरं फुलं घेऊन आलं होतं. हेफिनही आला, बापाच्या थडग्यासाठी पांढरी फुलं घेऊन. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, “काय रे, मेलेल्यांच्या उशाला कोंबड्या बसवणार?”

“इथेलकाका, आज नको. आज फुलांचा रविवार आहे.”

“आज नाही तर कधी? शेत तुझ्या बापाचं आहे?”

“बापाचं नाही. पण माझं होणार आहे. ग्वेनफ्रॉनमावशींनी शब्द दिलाय. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?” आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “झाडं कोणी घासली तेही सांगा की. मी सांगितलं होतं का घासायला?”

बायका फुलं हातात धरून उभ्या राहिल्या. मी तुझे डॅफोडिल तसेच बादलीत टाकून घरी आलो.

मी तुला फेब्रुवारीत विचारलं होतं. मार्चमध्ये विचारलं. तू मला सोडा आणि ब्रश शिकवत बसलीस! आणि झाडं घासायचं कोणी सांगितलं? तू. पहिल्या पत्रात मी सगळं सविस्तर लिहिलं होतं, कोणतं दगडफूल काय सांगतं, अहवालावर काय ठरणार, सगळं. ते वाचून तू लिहिलंस, झाडंही घासून काढ. मला आता दुसरं काही सुचत नाही. तू मुद्दाम लिहिलंस का? शेत विकलं जावं म्हणून माझ्याच हातांनी पुरावा पुसून घेतलास?

मॉरव्हिद तिथे आहे. तिच्या शेजारची जागा माझी आहे. जिवंतपणी ती हवा मी घेतोच आहे, मेल्यावरही सुटका नाही, आणि ते तुझ्यामुळे.

इथेल

बर्कनहेड,
२० एप्रिल

इथेल,

तुझं पत्र वाचून मी ते फाडणार होते. मग म्हटलं, नाही, ठेवू दे. माझ्या वयाच्या बाईला आपला भाऊ चोर म्हणतो, हे कागदावर असू दे.

ऐक. मला पंधराव्या वर्षी इथे पाठवलं. लोकांच्या फरशा पुसायला. पेन-रिवचं घर तुझ्या बाबांकडे गेलं आणि तुझ्याकडे आलं. मला आलं ते शेत, ज्यावर मी त्यानंतर एकदाही पाय ठेवला नाही कारण सुट्टीच मिळायची नाही. तू तिथे बसून ओक, जंगल, हवा, सगळं भोगलंस. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. किराणा वर आणताना मधल्या पायरीवर बसून रडते. तळमजल्यावर घर घ्यायचं तर शेत विकण्यावाचून माझ्याकडे दुसरं काय आहे? ते तुझ्या मॉरव्हिदला विचारून करायचं होतं का?

सांगितलं नाही, कारण तू असाच आकांत करशील हे माहीत होतं. तेवढी माझी चूक. झाडांचं मात्र सपशेल खोटं. तुझ्या पत्रातलं ते करडं-पिवळं मी नीट वाचलंही नव्हतं. तू पाच पानं लिहितोस आणि त्यातली साडेतीन काळजीची असतात. मला डाग दिसले, मी डाग काढायला सांगितले. साठ वर्षं मी तेच केलंय.

आणि हेफिन काही राक्षस नाही. अंडी घेऊन इतक्या लांब आला. माझ्या टेबलावर बोटाने शेत काढून दाखवलं. “मावशी, शेड इथे, अगदी खालच्या टोकाला, रस्त्याजवळ. दफनभूमीतून दिसणारसुद्धा नाही.” माझ्या कानाशी येऊन दोनदा सांगितलं. तूच सांग, त्यात माझं काय चुकलं?

सही अजून झालेली नाही. पण होणार.

ग्वेनफ्रॉन

पेन-रिव,
२ मे

ग्वेनफ्रॉन,

तू चोर आहेस असं मी लिहिलं नव्हतं. पण तसं वाटलं असेल तर वाईट वाटलं. पायऱ्यांचं मला माहीत नव्हतं. तूही कधी लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात काळजी नसतेच मुळी, फक्त हुकूम असतात.

आता हे वाच आणि नीट वाच. हेलेदने मला हेफिनचा खरा नकाशा दाखवला, परवानगीसाठी दिलेला. शेड खालच्या टोकाला नाही. वरच्या टोकाला आहे, भिंतीला लागून. आतली हवा बाहेर फेकणारे सगळे मोठे पंखे दफनभूमीच्या बाजूला. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, खाली रस्त्याजवळ बांधली तर पंख्यांची हवा सरळ त्याच्या स्वतःच्या घरावर जाते. घरात आता तान्हं बाळ आहे. म्हणजे स्वतःच्या बाळाच्या नाकात जाऊ नये एवढं त्याला कळतं! आपल्या माणसांना नाक नाही, म्हणून त्यांच्यावर सोडायची.

तुझ्या आईबाबांचा दगड त्या भिंतीपासून सगळ्यात जवळ आहे. त्यांच्या शेजारची मोकळी जागा तू स्वतःसाठी राखून ठेवली आहेस. तळमजला तिथलाही आहे, ग्वेन. तिथून दुसरीकडे जाता येत नाही.

मला तुझं शेत नको. मी फक्त एक गोष्ट मागतो. माझा ब्रश खोडापर्यंत पोचला, वरच्या फांद्यांपर्यंत नाही. हेलेद म्हणते, ती दोर लावून वर चढून तिथलं दगडफूल मोजू शकते. पण ओक शेताच्या कुंपणात आहेत, म्हणजे झाडं तुझी आहेत. मालकाच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. हेफिनने तिला आधीच बजावून ठेवलं आहे, मालकिणीची चिठ्ठी आण नाहीतर कुंपणाबाहेर राहा.

इथेल

बर्कनहेड,
८ मे

इथेल,

चिठ्ठी सोबत आहे. तिला चढू दे. वरपर्यंत चढू दे. पाचही झाडांवर.

मी हेफिनला शेजारच्या मुलीकरवी फोन लावला. ती त्याचं ऐकून माझ्या कानात ओरडत होती. मी विचारलं, पंखे कुठल्या बाजूला? तो म्हणाला, मावशी ते तांत्रिक असतं. मी म्हटलं, मी बहिरी आहे, बावळट नाही. डावीकडे की उजवीकडे एवढं सांग. मग म्हणाला, मावशी, घरात बाळ आहे. मी म्हटलं, माझी आई आहे तिथे!

माझ्या टेबलावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी त्याने बोटाने ते खोटं शेत काढलं. अंडी मी अजून खात होते. उरलेली फेकून दिली.

तुझ्यासाठी हे करत नाही, असा गैरसमज नको. मी जिन्यावरच मरेन एखाद्या दिवशी. पण मग मला तिथे आणायचं आहे, आणि मला तिथे पडून तो वास नको.

ग्वेनफ्रॉन

पेन-रिव,
१७ जून

प्रिय ग्वेनफ्रॉन,

निकाल लागला. तिसरी शेड नामंजूर. चॅपेलमध्ये लोकांनी माझा हात धरून हलवला. “इथेल, जिंकलास बाबा!” त्यांना वाटतंय मी आनंदाने रडलो.

काय झालं ते तुला सांगतो. हेलेद दोर बांधून वर गेली. मी खाली भिंतीवर बसलो होतो आणि तिला ओरडून विचारत होतो, “दिसते का दाढी?” एका झाडावरून उतरायची, दुसऱ्यावर चढायची. शेवटच्या ओकवरून उतरली तेव्हा तिच्या हातात एक वाळकी काटकी होती. सगळी पिवळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“वर काहीच करडं नाही का?” मी विचारलं.

“एकही नाही.”

मी म्हटलं, मग खाली तर होतं, मी स्वतः बघितलं, तूच दाखवलंस. ती म्हणाली, नवीन फांद्या आजच्या हवेत वाढतात, म्हणून त्या आजचं सांगतात. खोडावर होतं ते जुन्या, चांगल्या हवेतलं उरलेलं. शेड यायच्या आधीचं. तेवढंच शिल्लक होतं.

आणि ते मी काढलं, ग्वेन. तारेच्या ब्रशने. “परत येईल” असं तुला लिहिलंही. परत यायला वर कोणी नाही.

शेड नामंजूर झाली ती याच कारणाने. हवेने मर्यादा आधीच ओलांडली आहे, असं त्या कागदात स्पष्ट लिहिलं आहे. आधीच म्हणजे कशामुळे? आधीच्या दोन शेडमुळे! मी त्या कार्यालयातल्या माणसाला विचारलं, मग त्या दोन शेडचं काय? तो म्हणाला, त्यांना जुनी परवानगी आहे. मी म्हटलं, झाडावरची दाढी मेली. तो म्हणाला, हो, पण परवानगी आहे. अगदी गोड आवाजात म्हणाला. मला वाटलं त्याच्या टेबलावर ते पिवळं खरवडून टाकावं. म्हणजे बिघडवायला परवानगी होती, आणि बिघडलं हे सिद्ध करायला आमची झाडं लागली, आणि सिद्ध झाल्यावर सगळे हात हलवून घरी गेले. तुझं शेत विकायचं मात्र अडकलं, तुझे जिने तसेच राहिले. त्याचं काय करायचं मला सुचलेलं नाही. पेन-रिवमध्ये जिना नाही, एवढं मला माहीत आहे. बघ विचार करून. मी पहाटे खोकतो, पण तुला ते ऐकू येणार नाही.

हेफिन मला वाटेत भेटला. मान खाली घालून गेला. त्याच्या बाळालाही खोकला आहे, असं चॅपेलच्या बायका सांगतात. मला बरं वाटलं नाही हे ऐकून. राग मात्र गेला नाही, उलट वाढला.

मी हेलेदला विचारलं, दिलेल्या परवानगीवर तक्रार करायची असेल तर कुठे करतात? ती म्हणाली, “आजोबा, अशी तक्रार इथे आजवर कोणी केलेली नाही.” मी म्हटलं, केली नाही हे कळलं, कुठे करायची ते सांग. सोमवारी ती मला गाडीतून घेऊन जाणार आहे.

तक्रारीवर तुझं नाव माझ्या नावाच्या वर घालू की खाली? वयाने तू मोठी आहेस.

इथेल